चिमणी विझलेल्या गावात

युरोपात ऊस पिकत होता, हे माझ्या वाळव्याच्या मामांना अजून पुरतं पटलेलं नाही. द्राक्षं म्हणा, ऑलिव्ह म्हणा, फार तर संत्री, पण ऊस? तरी गोष्ट खरी आहे. दक्षिण स्पेनमधल्या ग्रानादा प्रांताला समुद्राची एक चिंचोळी पट्टी लाभली आहे. मोत्रिल, सालोब्रेन्या, आल्मुन्येकार ही तिच्यावरची गावं. साखर करण्याची विद्या आपल्याकडून इराणात गेली, तिथून अरबांनी ती भूमध्य समुद्राच्या काठाकाठाने पश्चिमेला आणली, आणि दहाव्या शतकाच्या सुमारास ऊस या मातीत रुजला. पुढे १४९३ साली दुसऱ्या सफरीवर निघालेल्या कोलंबसाने कॅनरी बेटांवरून उसाचं बेणं अमेरिकेकडे नेलं. तिथल्या उसाने आणि तिथे राबवलेल्या गुलामांच्या घामाने जगाचा साखरबाजार उलटापालटा झाला. हा किनारा मात्र आपला ऊस लावत राहिला. उत्तरेला सिएरा नेवादाचे डोंगर थंड वारे अडवून धरतात, समोर आफ्रिका, त्यामुळे ऐन जानेवारीतही इथे पिकाला गारठा मारत नाही. सालोब्रेन्याला लागून ला कालेता नावाची वस्ती आहे. तिथला कारखाना २००६ मध्ये बंद पडला. उसापासून साखर काढणारा युरोपातला तो शेवटचा कारखाना.

मामांना मी फोनवरून त्या कारखान्याची चिमणी दाखवली. आयुष्यभर उसात गेलेला माणूस. त्यांनी ना समुद्र पाहिला, ना पाठीमागचं बर्फ. म्हणाले, "अगं, मग आता ते गाव खातं काय?"

सालोब्रेन्यात राहायला आल्यापासून मला इतका नेमका प्रश्न कुणी विचारला नव्हता. बाकीचे सगळे विचारतात, हवा कशी आहे, भाजीपाला मिळतो का, करमतं का. शांत आहे का, हे तर हमखास. शांत आहेच. शांततेसाठीच आम्ही दोघं पुण्याचं घर आवरून इथे आलो. पण या शांततेला एक तारीख आहे, हे मला मामांच्या प्रश्नानंतर कळायला लागलं.

खालच्या चौकातल्या बारमध्ये सकाळी येणाऱ्या म्हाताऱ्यांत एक आजोबा आहेत, ते तरुणपणी ऊसतोडीला जायचे. तोडीच्या आदल्या संध्याकाळी फड पेटवायचा, सकाळी काळ्याठिक्कर पडलेल्या उसात शिरायचं, संध्याकाळी घरी आल्यावर बायको दारातच अंगावर पाणी ओतायची. वसंतात हंगाम चालू झाला की गावभर राखेचे काळे तुकडे उडायचे आणि दोरीवरची धुणी पुन्हा धुवावी लागायची. कारखान्याचा भोंगा, उसाच्या गाड्या, गाडीमागे धावत ऊस ओढणारी पोरं, आणि रात्रंदिवस तो आंबूस-गोड वास. आजोबा सांगत होते आणि मला मामांकडच्या वाटेगाव-साखराळ्याचा गळीत हंगाम दिसत होता. ते थांबले, कॉफीचा पेला बाजूला सारला आणि म्हणाले, "तेव्हा इथे झोप लागायची नाही." तक्रार नव्हती त्या बोलण्यात. माणूस आपल्या चांगल्या दिवसांबद्दल बोलतो तो सूर होता.

म्हणजे ज्या शांततेपोटी आम्ही सात समुद्र ओलांडून आलो, ती गावाला निसर्गाने दिलेली नाही. कारखाना गेला, हंगाम गेला, तोडणीला येणारी माणसं थांबली, पोरं ग्रानादाला, माद्रिदला, जर्मनीला नोकऱ्या शोधत गेली. त्यांच्या मागे जे उरलं त्याला आमच्यासारखी नवी माणसं शांतता म्हणतात. हे कळल्यावर शांतता कमी झाली असं नाही. पण तिच्याकडे पाहण्याची नजर बदलली. कुणाच्या तरी रिकाम्या खोलीत आपण सामान लावतो आहोत, याची जाणीव राहते.

गाव म्हणजे एक उभा खडक आणि त्याच्यावर चढत गेलेली पांढरी घरं. अगदी माथ्यावर किल्ला. समुद्र एके काळी या खडकाच्या पायथ्याला लागत होता. ग्वादालफेओ नदीने आल्पुखाराच्या डोंगरातून गाळ आणून आणून समुद्राला मागे सारलं आणि खडक आणि पाणी यांच्या मध्ये काळीभोर सपाट जमीन तयार केली. हिला इथे 'वेगा' म्हणतात. ऊस होता तो या वेगात. अरबांनी पाडलेल्या पाटांच्या वाटा अजून वापरात आहेत, आणि पाण्याच्या पाळीवरून शेजाऱ्या-शेजाऱ्यात चालणारी बोलाचाली ऐकली की भाषा न कळणाऱ्यालाही विषय कळतो.

किल्ला ग्रानादाच्या नासरी सुलतानांचा. त्यांनी तो राजघराण्यातल्या नकोशा माणसांना ठेवायला वापरला. सुलतान सातव्या मुहम्मदने आपल्या भावाला, युसुफला, इथे डांबून ठेवलं होतं. आख्यायिका अशी की, १४०८ साली सुलतान मरणाला टेकला तेव्हा आपल्या मुलाच्या वाटेतला काटा दूर व्हावा म्हणून त्याने युसुफला मारण्याचा हुकूम पाठवला. हुकूम पोचला तेव्हा युसुफ बुद्धिबळ खेळत बसला होता. तो म्हणाला, एवढा डाव संपवू द्या. डाव संपेपर्यंत ग्रानादाहून दुसरे स्वार आले: सुलतान गेला, लोकांनी तुम्हाला गादीवर बसवलं. तो तिसरा युसुफ. आख्यायिका किती खरी ते असो. युसुफची इथली कैद आणि १४०८ चं राज्यारोहण हा इतिहास आहे. किल्ल्याच्या तटावर उभं राहिलं की एका बाजूला समुद्र आणि दुसऱ्या बाजूला बर्फ दिसतं. याच डोंगररांगेत ३,४७९ मीटर उंचीचं मुलासेन शिखर आहे, इबेरियन द्वीपकल्पातलं सर्वांत उंच. इतकं सगळं डोळ्यांसमोर असताना एक माणूस वर्षानुवर्षं तिथून हलू शकत नव्हता, हे मला त्या डावापेक्षा जास्त अस्वस्थ करतं.

वरच्या गावात गाडी जात नाही. गल्ल्या म्हणजे पायऱ्याच. नारिंगी रंगाचे गॅस सिलिंडर घेऊन येणारा तरुण एकेक सिलिंडर खांद्यावर टाकून चढतो, दारात ठेवताना आवाज होऊ देत नाही, कारण आत कुणीतरी नव्वदीचं झोपलेलं असतं. वरची निम्मी दारं बंद आहेत. कुलपांना गंज चढलाय, पण बाहेरच्या भिंतीला दर वर्षी चुना लावलेला असतो. शेजारीण लावते. स्वतःची भिंत पांढरी करताना ब्रश पुढे नेते, इतकंच. तिने त्याबद्दल कधी काही बोललेलं मी ऐकलं नाही.

आम्ही स्वतः खाली, वेगाच्या कडेला, एका साध्या चार मजली इमारतीत राहतो.

इथल्या दिवसाशी जुळवून घ्यायला आम्हाला बराच काळ लागला. दुपारी दोनला दुकानं बंद होतात ती पाचला उघडतात. जेवण तीनला, रात्रीचं दहाला. याला आळस म्हणणारे बरेच भेटतात, खास करून उत्तरेकडचे. मला ते अन्यायाचं वाटतं. स्पेन भूगोलाने ग्रीनिचच्या वेळेत बसतो. लंडनच्या आणि सालोब्रेन्याच्या घड्याळात फरक असायचं काही कारण नाही. पण १६ मार्च १९४० ला फ्रँकोच्या राजवटीने घड्याळं एक तास पुढे केली, म्हणजे बर्लिनच्या वेळेला आणून ठेवली, आणि ती कधी मागे आलीच नाहीत. त्यातून उन्हाळ्यात आणखी एक तास पुढे. म्हणून इथे जूनमध्ये सूर्य साडेनऊनंतर मावळतो. माणसं उशिरा जेवत नाहीत, सूर्याप्रमाणे जेवतात. घड्याळ चुकीचं आहे. हे लक्षात आल्यावर मी हाताला घड्याळ बांधणं सोडलं. सांगलीला आईला फोन करायचा असतो तेवढी आकडेमोड डोक्यात ठेवते: उन्हाळ्यात साडेतीन तास पुढे, हिवाळ्यात साडेचार.

ऊन उतरलं की वरच्या गल्ल्यांत खुर्च्या बाहेर येतात. आपल्याकडे ओट्यावर बसणं जसं होतं तसंच हे, फक्त ओटा नाही म्हणून स्वयंपाकघरातली वेताची खुर्ची रस्त्यात. चार-पाच बायका, एखादा पुरुष, मध्ये सूर्यफुलाच्या बिया. काडिझ प्रांतातल्या आल्गार नावाच्या छोट्या गावाने २०२१ मध्ये या गप्पांना युनेस्कोच्या वारशात जागा मिळावी म्हणून खटपट सुरू केली. वारसा ठरवण्याइतपत ही गोष्ट कमी होत चालली आहे, हे त्यातलं दुखणं. सुरुवातीला मी त्या बायकांसमोरून मान खाली घालून घाईने जायची. एकदा त्यातल्या सर्वांत थोरल्या आजींनी हाक मारली. "ए पोरी, इथून जायचं तर संध्याकाळ शुभ म्हणून जायचं. आम्ही काय खांब आहोत?" त्यांनी खुर्ची सरकवली. तेव्हापासून माझं स्पॅनिश सुधारलं; वर्गात जे येत नव्हतं ते बिया सोलता सोलता आलं. आजी मला अरे-तुरे करतात, मी त्यांना अहो-जाहो करते, आणि त्या दर वेळी म्हणतात, एवढी परकी का वागतेस.

उन्हाळ्यात या आजींचा नातू चिरिमोयाच्या बागेत काम करतो. चिरिमोया म्हणजे आपल्या सीताफळाची सख्खी चुलत बहीण. मूळ दक्षिण अमेरिकेतल्या अँडीजची मानतात, आता मात्र जगात सर्वांत जास्त स्पेनमध्ये पिकते, आणि स्पेनमध्ये म्हणजे याच किनाऱ्यावर. ऊस गेला त्या जमिनीत आणि त्याच्या वरच्या उतारांवर आता चिरिमोया, अव्होकाडो, आंबा. आंबा सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये येतो. कोकणातल्या माणसाला वेळापत्रकच पटणार नाही. पण चिरिमोयाची गंमत वेगळी आहे. तिचं फूल आधी मादी असतं आणि दुसऱ्या दिवशी दुपारनंतर नर होतं. स्वतःचे पराग स्वतःच्या कामाला येत नाहीत. हे काम करणारे बारीक भुंगेरे इथे पुरेसे नाहीत, म्हणून माणसाने करायचं.

मी एकदा त्या बागेत गेले. संध्याकाळी नातवाने पूर्ण उघडलेली फुलं खुडली. तीन मांसल पाकळ्या, बाहेरून मळकट हिरव्या, दिसायला काहीच नाहीत. कागदावर ती पसरून ठेवली. रात्रीतून पराग सुटले, ते त्याने चाळून एका छोट्या डबीत भरले. सकाळी ऊन चढायच्या आत पुन्हा बागेत. अर्धवट उघडलेलं फूल डाव्या हाताच्या दोन बोटांत धरायचं, पाकळ्या फाकवायच्या, उजव्या हातातला बारीक ब्रश डबीत बुडवून आत गोल फिरवायचा. सगळीकडून फिरला नाही तर फळ वाकडं होतं. ज्या बाजूला पराग लागले नाहीत ती बाजू वाढतच नाही. एका फुलाला दोन-तीन सेकंद. मग पुढचं. मी त्याच्या मागे मागे जात होते आणि मोजायचा नाद सोडून दिला. "ही बाग एका माणसाने किती दिवस पुरवायची?" विचारलं, तर म्हणाला, "फुलं येतात तोपर्यंत." पुढे दिवाळीच्या सुमारास बाजारात गुळगुळीत, हिरवं, तळहातावर मावेल असं गोल फळ उचलताना मी त्याच्या चारही बाजू बघते.

मामांच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर इथे आहे. गाव ही फळं खातं. पण त्याला पाणी लागतं. वरती ग्वादालफेओवर रूल्स नावाचं मोठं धरण या शतकाच्या सुरुवातीला बांधून झालं, आणि त्यातलं पाणी शेतापर्यंत आणायच्या पाइपलाइनींसाठी शेतकरी वर्षानुवर्षं मोर्चे काढत राहिले. धरण भरलेलं, कालवे कागदावर. महाराष्ट्रातल्या माणसाला हे समजावून सांगावं लागत नाही.

उरलेलं अर्धं उत्तर आम्ही आहोत. आम्ही म्हणजे बाहेरून आलेली, कमाई दुसरीकडे करणारी किंवा पेन्शन खाणारी माणसं. इंग्रज, जर्मन, डॅनिश, बेल्जियन, आणि आता तुरळक आमच्यासारखे. युरोपीय संघाबाहेरच्या माणसाला इथे नोकरी न करता राहायचं तर वर्षाला किमान २८,८०० युरो उत्पन्न दाखवावं लागतं, वर खासगी आरोग्य विमा. २०२३ पासून दूरवरच्या कंपनीसाठी घरी बसून काम करणाऱ्यांनाही वेगळा परवाना मिळतो. पाच लाख युरोंचं घर घेणाऱ्याला मिळणारा परवाना एप्रिल २०२५ मध्ये बंद झाला, ते बरंच झालं. नागरिकत्वासाठी आम्हाला दहा वर्षं, लॅटिन अमेरिकेतून आलेल्याला दोन. आणि ते घ्यायचं तर भारताचं सोडावं लागेल. तो विचार आम्ही अजून केलेला नाही.

पण या सगळ्या कागदांत मला एक कागद मनापासून आवडतो. नगरपालिकेची रहिवासी नोंद, पाद्रोन. तुम्ही कुठून आलात, परवाना आहे की नाही, हे न पाहता गावात राहणाऱ्या प्रत्येकाची नोंद तिच्यात व्हायला हवी. नोंदीवर शाळेचा प्रवेश, दवाखाना ठरतो, आणि किती डोकी आहेत त्यावर गावाला सरकारकडून मिळणारा पैसा. पुष्कळ परदेशी वर्षानुवर्षं राहूनही नाव घालत नाहीत. पाणी गावाचं, रस्ते गावाचे, रुग्णवाहिका गावाची, आणि मोजणीत मात्र आपण नाही. हे मला पटत नाही. ज्या गावात झोपतो त्या गावाच्या डोईमोजणीत आपलं डोकं असावं.

परवान्यासाठी बोटांचे ठसे द्यायला गेले त्या दिवशी रांगेत माझ्यापुढे नेदरलँड्सचं एक निवृत्त जोडपं होतं आणि मागे माली देशातला एक मुलगा. विशीचा असेल. फाइल छातीशी धरलेली. मोत्रिलचं बंदर इथून पाच-सहा किलोमीटरवर आहे. तिथून मेलिया आणि मोरोक्कोला फेरी बोटी सुटतात आणि त्याच बंदरात आल्बोरान समुद्रात वाचवलेली माणसंही आणली जातात. लाल ब्लँकेट, रेडक्रॉसचे लोक, अनवाणी पाय. तो मुलगा त्या वाटेने आला होता. आता किनाऱ्यावरच्या प्लॅस्टिकच्या शेतघरांत काकड्या तोडतो. आम्ही दोघं एकाच समुद्राकाठी राहायला आलो, एकाच खिडकीसमोर उभे राहिलो. माझ्या फाइलमध्ये बँकेचे कागद होते म्हणून मला खुर्ची मिळाली असं नाही, खुर्ची सगळ्यांना होती. पण खिडकीतल्या बाईंनी माझ्याशी बोलताना आवाज खाली आणला होता. त्याच्याशी बोलताना चढवला. त्याचं स्पॅनिश माझ्याहून पुष्कळ चांगलं होतं. माझा एक शब्द अडला तो त्यानेच मागून पुरवला.

या किनाऱ्यावरून पळणाऱ्या माणसांची गोष्ट जुनी आहे. गावाखालून जाणारा मालागा-आल्मेरिया रस्ता आज सायकलवाल्यांचा लाडका. यादवी युद्धात, फेब्रुवारी १९३७ मध्ये, मालागा फ्रँकोच्या आणि इटालियन फौजांच्या हाती पडलं तेव्हा लाखाहून जास्त माणसं या रस्त्याने आल्मेरियाकडे चालत निघाली. एका हाताला डोंगर, दुसऱ्या हाताला समुद्र, आणि समुद्रातून 'कानारियास', 'बालेआरेस' या युद्धनौकांच्या तोफा. ग्वादालफेओला पाणी चढलं होतं. ती ओलांडताना माणसं वाहून गेली. तीच नदी, जिच्या गाळात मी फिरायला जाते. नॉर्मन बेथून नावाचा कॅनेडियन डॉक्टर तेव्हा स्पेनमध्ये आघाडीवर रक्त पोचवायचं काम करत होता. तो आल्मेरियाकडून या रस्त्यावर आला, समोरून येणारी गर्दी पाहिली आणि गाडीतलं सामान काढून मुलं आणि बायका भरायला लागला. काही दिवस तो आणि त्याचे साथीदार खेपा करत राहिले.

बेथून पुढे चीनला गेला आणि १९३९ मध्ये तिथे रक्तदोषाने वारला. त्याच्या नावाच्या रुग्णालयाचे पहिले संचालक झाले ते डॉ. द्वारकानाथ कोटणीस. सोलापूरचे. १९३८ मध्ये भारतातून पाच डॉक्टरांचं जे पथक चीनला गेलं, त्यातले ते. आणि त्या पथकाचे प्रमुख डॉ. अटल चीनला जाण्याआधी स्पेनच्या यादवी युद्धात सेवा करून आले होते. कोटणीस १९४२ मध्ये गेले, अवघे बत्तीस वर्षांचे. शाळेत आम्हाला कोटणिसांचा धडा होता. त्यातल्या बेथूनचा एक पाय याच रस्त्यावर पडला होता, हे मला इथे येईपर्यंत ठाऊक नव्हतं. ते कळल्या दिवसापासून हा रस्ता मला अनोळखी वाटत नाही.

फेब्रुवारी १९३७ च्या त्या दिवसांबद्दल गावात बराच काळ कुणी बोलत नसे. ती या गावाची आणखी एक शांतता, भीतीने आलेली. खुर्चीवाल्या आजींच्या आईने नदी पोटाशी पोर बांधून ओलांडली, हे आजींना स्वतःला साठीनंतर कळलं. अलीकडे दर फेब्रुवारीत लोक मालागापासून आल्मेरियापर्यंत त्या रस्त्याने चालत जातात. आजी दारात उभ्या राहतात, चालणाऱ्यांना संत्री देतात.

आमच्या आधी आलेल्यांपैकी एका वृद्ध शेजाऱ्यांविषयी लिहायला हवं. उत्तरेकडचे, बायकोबरोबर इथे आलेले. दोघं एकमेकांना पुरेसे होते. गावाची गरजच पडली नाही. बायको गेली तेव्हा त्यांच्या लक्षात आलं की आपलं दुखणं सांगायला आपल्याकडे या भाषेत वाक्य नाही. औषधाच्या दुकानात ते पोटावर हात ठेवून उभे राहायचे. खालच्या मजल्यावरच्या परिचारिकेने त्यांना महिनोन्‌महिने सांभाळलं, रात्री जाऊन इंजेक्शन दिलं. शेवटी मुलगी येऊन घेऊन गेली. सूर्य होता, समुद्र होता, पैसा होता. माझा जीव त्यांच्यासाठी अजून तुटतो. शांत जागी जायचं ठरवणाऱ्यांनी हवामानाच्या आधी हे पाहावं, की तिथे आपल्याला नावाने हाक मारणारं कोण असेल.

आणि ती परिचारिका? ती आमच्याच इमारतीत भाड्याने राहते, मोत्रिलच्या रुग्णालयात काम करते. या किनाऱ्यावर पुष्कळ घरं सप्टेंबर ते जून अशीच भाड्याने मिळतात; जुलै-ऑगस्टमध्ये मालक ती पर्यटकांना आठवड्याच्या हिशेबाने देतो. मग शाळेतल्या मास्तरणीने, परिचारिकेने उन्हाळ्यात सामान बांधून आई-वडिलांकडे जायचं किंवा कुणाच्या सोफ्यावर. २०२४ मध्ये कॅनरी बेटांपासून मालागापर्यंत हजारो लोक याच कारणासाठी रस्त्यावर उतरले. आमच्यासारखे लोक येतात, घरांचे भाव वाढतात, गावातलं पोर गावात राहू शकत नाही. मी हे कुणाच्या बातमीतून सांगत नाही; ते माझ्या जिन्यात घडतं.

एप्रिल २०२५ पासून स्पेनमध्ये नवा नियम लागू झाला. इमारतीतला फ्लॅट नव्याने पर्यटकांना द्यायचा तर पाचपैकी तीन वाट्यांचं बहुमत आधी मिळवावं लागतं. त्याच वर्षी आमच्या इमारतीच्या सर्वसाधारण सभेपुढे असा अर्ज आला. पहिल्या मजल्याच्या, म्हणजे परिचारिकेच्या घराच्या मालकाचा. माद्रिदला राहणारा, वडिलांचं घर वाट्याला आलेला, दोन मुलांचा बाप. खलनायक मुळीच नाही. त्याने आकडे मांडले. ऑगस्टच्या एका आठवड्यात महिन्याचं भाडं सुटतं. खोटं नव्हतं. सभा खालच्या गॅरेजमध्ये होती, घडीच्या खुर्च्यांवर. भाडेकरूला सभेत बसता येत नाही, म्हणून परिचारिका ड्यूटीवर निघून गेली होती.

मला सगळं कळावं म्हणून दुसऱ्या मजल्यावरच्या निवृत्त शिक्षिका हळू हळू बोलत होत्या. मी हात वर केला आणि विरोधात मत दिलं. परक्या माणसाने गावच्या माणसाच्या घराबद्दल मत द्यावं का, हा प्रश्न मनात होता. पण त्या आजारी शेजाऱ्यांच्या दारात रात्री जाणारी बाई या इमारतीत राहायला हवी, याबद्दल माझ्या मनात शंका नव्हती. अर्ज नामंजूर झाला. माद्रिदकर थोडा वेळ गप्प बसला, मग म्हणाला, निदान भाडं तरी थोडं वाढवू द्या. त्यावर शिक्षिकाबाई म्हणाल्या, ते तिच्याशी बोल, तिच्यासमोर बोल. तो येत्या रविवारी थांबायला कबूल झाला.

पुढचा विषय अध्यक्षपदाचा. हे पद कुणालाच नको असतं, म्हणून ते घरोघर पाळीने फिरतं, आणि पाळी आमच्या घराची आली होती. नाही म्हणता येतं, कारण दाखवून. नवऱ्याने माझ्याकडे पाहिलं. शिक्षिकाबाईंनी कामं सांगितली: लिफ्टची तपासणी सप्टेंबरच्या आत, गच्चीची गळती पावसाळ्याआधी, आणि ऑगस्टमध्ये टाकीचं पाणी कमी पडतं तेव्हा नगरपालिकेत रोज जाऊन उभं राहायचं. "ऑगस्टमध्ये इथेच असाल ना? का भारतात?"

"इथेच," मी म्हटलं.

त्यांनी पिशवीतून सभेच्या नोंदींची वही काढली, मीटरच्या कपाटाची किल्ली तिच्यावर ठेवली आणि म्हणाल्या, लिफ्टवाल्याचा नंबर लिहून घे, तो सकाळी आठच्या आत फोन उचलतो, नंतर नाही.